बिननावाची सळई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा वानरं माणसांशी बोलत असत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत असत.

एका दाट रानाच्या काठावर एक गाव होतं. त्या गावात चोर नव्हते, तरी घरोघरी कुलपं होती. कोंबड्यांच्या खुराड्याला कुलूप, गुळाच्या पेटीला कुलूप, मिठाच्या रांजणाच्या झाकणालासुद्धा कुलूप. कारण रानातली वानरं फार हुशार होती. त्यांना कडी काढता येत होती, अडसर सरकवता येत होता. गाठ सोडणं तर त्यांच्या लहान पिल्लांनाही जमत होतं. कुलूप मात्र त्यांना जमत नव्हतं.

मग वानरांनी दुसरा उद्योग सुरू केला. ती किल्ल्या पळवू लागली. बाई आंघोळीला गेली की खुंटीवरची किल्ली गेली. म्हातारा ओसरीवर पेंगला की कमरेची किल्ली गेली. किल्ली काही खाता येत नाही. पण आम्हाला नाही तर तुम्हालाही नाही, असं वानरांचं म्हणणं होतं.

म्हणून त्या गावात कुलूप उघडणाऱ्याला मोठा मान होता.

कुलूप उघडणाऱ्याजवळ चामड्याची एक गुंडाळी असे. ती उलगडली की आत बारीक बारीक सळया ओळीने खोचलेल्या दिसत. प्रत्येकीचा आकार वेगळा. एकीचं टोक बगळ्याच्या चोचीसारखं लांब आणि शेवटी जरासं वाकलेलं. एक अळी चालावी तशी नागमोडी. एकीच्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीसारखा दाणा, एका अंगाने सपाट आणि एका अंगाने फुगीर. एकीला करवतीसारखे दाते.

आता तुम्हाला वाटेल, या सळयांची नावं बगळा, अळी, डाळ आणि करवत अशी असतील. दुसऱ्या गावांत तशीच होती. या गावात मात्र बगळ्याच्या चोचीसारख्या सळईचं नाव होतं म्हैस. नागमोडी सळईचं नाव अगंबाई. डाळीसारखीचं नाव गूळ. आणि दाते असलेल्या सळईला सगळे मेली म्हणत.

परगावचे लोक हसत. पण गावाची ती रीत होती.

नवी सळई घडवली की ती बिननावाची असे. एखाद्या कुलपाने जुन्या कुठल्याच सळईला दाद दिली नाही आणि या नव्या सळईने ते उघडलं, तरच तिला नाव मिळे. ते नाव घडवणाऱ्याने ठेवायचं नसे. कुलूप उघडताच कुलपाच्या धन्याच्या तोंडून जो पहिला शब्द निघेल, तेच सळईचं नाव. तोवर बाकी कुणी तोंड उघडायचं नाही.

कधीकाळी एका माणसाची म्हैस गोठ्यात व्यायला झाली होती आणि किल्ली वानरांनी नेली होती. दार उघडलं तसा तो "म्हैस" एवढंच म्हणाला आणि आत धावला. एका म्हातारीचं लुगड्यांचं गाठोडं पेटीत अडकलं होतं. पेटी उघडली, कसर लागलेली नाही हे तिने पाहिलं आणि गालाला हात लावून ती "अगं बाई" म्हणाली. मेली हे नाव एका सुनेने दिलं होतं. सासूच्या कोठाराचं कुलूप उघडल्यावर ती म्हणाली होती, "मेली एकदाची कटकट."

दर वर्षी खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं पूजत. त्या दिवशी या सळया पाटावर मांडल्या जात. गावातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस एकेक नाव मोठ्याने घेई, त्या नावाची गोष्ट सांगे आणि त्या सळईवर झेंडूचं एक फूल ठेवी. पोरं त्या गोष्टी ऐकायला पुढे सरकून बसत. बिननावाची सळई पाटाच्या खाली असे. तिला फूल नसे.

या गावात हैबती नावाचा कुलूप उघडणारा होता. कुलपं उघडणाराही तोच आणि नवी कुलपं घडवणाराही तोच. त्याच्या हाताला फार चांगलं वळण होतं. कुलपाला कान लावून तो किल्लीने उचलायच्या पात्यांतली कुठली पाती हलते आणि कुठली अडते ते ओळखत असे.

हैबतीला आणि त्याची बायको साळू हिला मूलबाळ नव्हतं. साळूने ते कधीच मनाआड केलं होतं. तिने एक शेळी पाळली होती आणि शेजारची पोरं तिच्या अंगणात पडून असत. हैबतीच्या मनात मात्र एक गोष्ट घर करून बसली होती. आपण गेल्यावर आपलं नाव कोण घेणार?

त्याने पुष्कळ खटपट करून एक नवी सळई घडवली. तिचं टोक आधी खाली वळत होतं आणि मग पुन्हा वर उचललेलं होतं, मोड आलेल्या मटकीसारखं. असा आकार आधी कुणीच केला नव्हता. एका कोपऱ्याआडची पाती उचलू शकेल अशी ती एकच सळई होती.

अडचण एवढीच, की गावातल्या कुठल्याच कुलपात असा कोपरा नव्हता. म्हैस आणि गूळ यांनीच सगळी कामं भागत. नवी सळई वर्षानुवर्षं खंडेनवमीला पाटाखाली पडून राही.

एकदा साळू चुलीपाशी भाकरी थापत होती. हैबती सळई फडक्याने पुसत बसला होता.

"किती पुसाल तिला?" साळू म्हणाली. "झिजून सुई होईल."

"साळू, हिचं नाव हैबती पडलं तर?"

"कुलूप उघडल्यावर तुमचं नाव कोण घेईल? माणसाच्या मनात जे आत अडकलेलं असतं तेच तोंडात येतं. कुणाची म्हैस, कुणाचा गूळ."

"पण उघडणारा तर मी असतो ना."

"मग? ही भाकरी मी भाजते. पहिला घास घेताना तुम्ही कधी साळू म्हणालात?"

हैबतीने सळई गुंडाळीत ठेवली. पण मनातला विचार गेला नाही. त्याने ठरवलं, कुलपात कोपरा नसेल तर आपण तो करू.

त्या वर्षी सुगीनंतर त्याने नवी कुलपं केली. दिसायला ती फार सुरेख होती, पितळी, पाठीवर मोराची नक्षी. पण प्रत्येकाच्या आत त्याने एक जास्तीची पाती बसवली आणि ती मुद्दाम कच्च्या खिळ्यावर टांगली. किल्ली फिरून फिरून खिळा झिजला की ती पाती कोपऱ्याआड पडणार. मग किल्ली अर्धीच फिरणार आणि म्हैस, गूळ, अगंबाई, मेली सगळ्या हात टेकणार. हैबती आपली सळई घेऊन जाणार. सगळा गाव बघत असणार. आणि कुलपाचा धनी सुटकेच्या भरात म्हणणार, हैबती.

कुलपांबरोबर त्याने हेही सगळ्यांना सांगून ठेवलं, "कधी अडलं तर मला हाक मारा. हैबती म्हणून नुसती हाक मारा." लोकांना वाटलं, किती भला माणूस आहे.

एकच जण हे सगळं बघत होता. हैबतीच्या छपरावर एक म्हातारा हुप्प्या बसलेला असे. गावातल्या निम्म्या किल्ल्या त्यानेच पळवल्या होत्या. हैबती शेवटचं कुलूप बंद करत होता तेव्हा तो छपराच्या कडेला आला.

"हैबती, ती पाती कच्च्या खिळ्यावर का रे टांगलीस?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कुलपातलं कळत नाही. ते कळलं असतं तर आतापर्यंत गूळ संपला असता तुमचा." हुप्प्याने मान खाजवली. "पण मी चोरी करतो ती दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. दगड खातो आणि पळतो. तू हे कसलं करतोस ते मला कळेना."

हैबतीने त्याच्यावर चिमटा उगारला. हुप्प्या निघून गेला.

नवी कुलपं घरोघरी गेली. त्यातलं एक गोमाईकडे गेलं.

गोमाई गावाची सुईण. गावातली बहुतेक सगळी माणसं तिच्या हातून जगात आली होती. हैबतीची नाळही तिनेच कापली होती. तिच्या ओसरीच्या भिंतीत एक फडताळ होतं. त्यात तिची विळी, उकळून वाळवलेलं सूत, स्वच्छ जुनेराचे तुकडे आणि रक्त थांबवायच्या पाल्याची पुरचुंडी असे. वानरांनी एकदा ते सगळं उधळून दिलं होतं. म्हणून हैबतीने फडताळाला आपलं सगळ्यांत मजबूत कुलूप लावून दिलं.

"हैबती, मोर छान काढलायस रे," गोमाई तेव्हा म्हणाली होती. "जन्मलास तेव्हा मुठी अशा आवळून होत्या तुझ्या. मी तेव्हाच म्हटलं, हा हातांचं काहीतरी करणार."

हिवाळा सरला. होळी झाली. एके दिवशी भर दुपारी डोंगरावरच्या वाडीतून एक धनगर घोडा दौडवत आला. त्याची बायको अडली होती. पहाटेपासून कळा येत होत्या आणि मूल खाली सरकत नव्हतं.

गोमाईने पदर खोचला, फडताळाला किल्ली लावली. किल्ली अर्धी फिरली आणि थांबली.

तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. धनगर दारात उभा होता. त्याच्या घोड्याच्या तोंडाला फेस आला होता.

"कुणीतरी पळा रे हैबतीकडे," गोमाई म्हणाली.

निरोप आला तेव्हा हैबती जेवायला बसला होता. कुलूप अडलं, किल्ली अर्धीच फिरते, हे ऐकताच त्याला आधी आनंद झाला. अगदी एका क्षणापुरता, पण झाला. मग त्याने विचारलं, "कुणाचं?"

"गोमाईचं. वाडीवर बाई अडलीय."

हैबती ताटावरून उठला तो हात न धुताच.

गोमाईच्या दारात गाव जमलं होतं. हैबतीने म्हैस लावून बघितली नाही, गूळ लावून बघितला नाही. त्याने सरळ नवी सळई काढली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळे गप्प झाले, कारण बिननावाची सळई कुलपात शिरली होती.

पण घरी पुन्हा पुन्हा केलेलं काम इथे जमेना. पाती त्याने ठरवली होती तिच्याहून खोल जाऊन पडली होती. सळई कोपऱ्याशी जाई आणि निसटे. घामाने बोटं घसरत होती. मागे धनगर घोड्याची आयाळ ओढत होता. गोमाई हैबतीच्या खांद्यामागे उभी होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं तेव्हा कुठे आत खट असा आवाज झाला. कुलूप सुटलं.

सगळ्या गावाने कान टवकारले.

गोमाईने फडताळ उघडलं, गाठोडं काखेत मारलं, धनगराने तिला उचलून घोड्यावर बसवलं आणि दोघं धूळ उडवत निघून गेले. तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही.

"राहिली की रे तुझी सळई," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. लोक पांगले.

हैबती तिथेच बसून राहिला. समोर रिकामं फडताळ उघडं होतं. एका फळीवर सुताचा एक तुकडा पडला होता, घाईत राहिलेला. एवढ्याशा सुताने नाळ बांधतात. तो तुकडा हैबतीने उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला. त्याच्याने तो बघवेना.

सांजावताना साळू त्याला शोधत आली. त्याने तिला सगळं सांगितलं. कच्चा खिळा, कोपरा, सगळी कुलपं. साळूने ऐकून घेतलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"मला मूल झालं असतं," ती म्हणाली, "तर गोमाई याच फडताळाला किल्ली लावून आली असती."

मग ती त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाई परत आली. धनगराने तिला तिच्या ओसरीपाशी घोड्यावरून हळूच उतरवलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"मुलगी झाली," ती लोकांना म्हणाली. "रडायला फार वेळ लावला तिने. निळी पडली होती. आई अजून उठत नाही, पण उठेल. थोडं आधी पोचले असते तर एवढं झालं नसतं."

लोकांनी देवाला हात जोडले. हैबती पुढे आला. सगळ्यांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. तो खाली बघून बोलू लागला, पण त्याने काही लपवलं नाही.

"गोमाई, ते कुलूप आपोआप अडलं नाही. मी अडवलं. माझ्या सळईला नाव मिळावं म्हणून. तुझंच नाही, यंदाची सगळी कुलपं तशीच आहेत."

गोमाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू जन्मलास त्या दिवशी ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं," ती म्हणाली. "मी गाठोडं डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला. मी तुला उशीर केला नव्हता."

हैबती फडताळाच्या कुलपाला हात लावायला गेला. "मी हे आत्ता नीट करतो."

गोमाईने फडताळाची दारं लावली आणि कुलूप दाबून बंद केलं. आत पुन्हा खट झालं. "राहू दे. माझं सामान मी कमरेला बांधीन. आधी बाकीच्यांची दारं बघ, कुलूपवाल्या."

तिने त्याला कुलूपवाला म्हटलं. आजवर ती त्याला हैबती म्हणत आली होती.

त्या दिवसापासून हैबती घरोघरी जाऊ लागला. बाकीची कुलपं अजून अडली नव्हती, किल्लीने उघडत होती. तो प्रत्येक कुलूप काढून घेई, आतली जास्तीची पाती उपसून टाके, पक्का खिळा ठोके आणि परत लावून देई. काम सोपं होतं. दारात उभं राहणं अवघड होतं.

तेलीण म्हणाली, "ये बाबा. पण मी इथेच बसते समोर. आता तुझ्याकडे बघतच बसावं लागेल ना."

एका म्हाताऱ्याने खुराड्याचं कुलूप पुढे केलं. "माझ्या कोंबड्यांनी काय केलं होतं रे तुझं? अंडी लहान देतात म्हणून राग होता काय?"

"नाही, आजा."

"मग निदान त्यांची माफी माग. माझी राहू दे."

लोक हसले. हैबती खुराड्यापुढे वाकला आणि खरोखरच म्हणाला, "चुकलो." मग म्हातारा हसायचा थांबला. त्याने हैबतीला बसायला घोंगडी दिली.

काही घरांनी त्याला आत घेतलंच नाही. तो त्यांच्या अंगणात उभा राही, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राही. कधी ना कधी दार उघडे. आठवड्यातून एकदा तो डोंगरावरच्या वाडीवर जाई. धनगराने पहिल्यांदा त्याच्यावर कुत्री सोडली. दुसऱ्यांदा कुत्री सोडली नाहीत, पण बोललाही नाही. हैबती आपला लाकडं फोडून देई, पाणी भरून देई आणि उतरून येई. एकदा गेला तेव्हा धनगरीण अंगणात लेकीला मांडीवर घेऊन उन्हात बसलेली दिसली. त्याने वळून डोळे पुसले आणि पाण्याची घागर उचलली.

त्याला जेवणाची शुद्ध राहिली नाही. साळूने बांधून दिलेली भाकरी पुष्कळदा तशीच परत येई. गालफडं बसली, सदरा अंगावर लोंबू लागला. सळई त्याने चामड्याच्या गुंडाळीत अगदी तळाशी ठेवली होती. तिच्याकडे तो बघतही नव्हता. तिला नाव मिळावं असं आता त्याला वाटेनासं झालं होतं. कुठल्या घरचं कुलूप राहिलं एवढाच एक विचार त्याच्या डोक्यात असे.

पावसाळा गेला. खंडेनवमी जवळ आली. सगळी कुलपं झाली. एकच राहिलं.

हैबती सकाळीच गोमाईच्या ओसरीशी जाऊन उभा राहिला. साळूही आली होती. छपरावर म्हातारा हुप्प्या शेंगा सोलत होता.

गोमाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. नुसतं हाताने फडताळाकडे दाखवलं.

हैबतीने गुंडाळीच्या तळातून ती सळई काढली. पाती अजून त्याच कोपऱ्याआड पडलेली होती. दुसरा इलाज नव्हता. या वेळी त्याची बोटं घसरली नाहीत. त्याने कुलपाला कान लावला, सळई कोपऱ्यावरून वळवली आणि पाती अलगद उचलली. कुलूप सुटलं. उघडलं तसं ते त्याने काढून घेतलं आणि लगेच खाली बसून पाती उपसू लागला. त्याचं गोमाईकडे लक्षच नव्हतं.

गोमाईचं लक्ष फडताळाकडे नव्हतं. फडताळ रिकामंच होतं, त्यात तिचं काही अडकलेलं नव्हतं. ती त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. सदऱ्यातून पाठीचे मणके दिसत होते. या पोराला तिने पहिली आंघोळ घातली होती.

"हैबती," ती म्हणाली, "जेवलास का रे?"

हैबतीच्या हातातला खिळा खाली पडला.

साळूने तोंडावर पदर धरला.

मग हैबती घाईघाईने म्हणाला, "गोमाई, तो शब्द नको. दुसरं काहीतरी म्हण. तांदूळ म्हण. काहीही म्हण. ते नाव मला नको."

"तुला हवं की नको हे कुणी विचारलंय? पहिला शब्द तो पहिला शब्द."

"कुणी ऐकला नाही."

"मी ऐकला," छपरावरून हुप्प्या म्हणाला. "आणि मी चोर असलो तरी खोटं बोलत नाही."

गोमाई उठली. तिने भाताची थाळी आणून हैबतीपुढे ठेवली, वर दूध घातलं. हैबती जेवला. पहिला घास घेतला आणि तो दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघून हळूच म्हणाला, "साळू."

साळू हसली. "आता मला का? मी नाही शिजवलेला तो."

खंडेनवमीला सळया पाटावर मांडल्या गेल्या. त्या वर्षी गोमाईच गावातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस होती. तिने म्हैस म्हटलं, फूल ठेवलं. अगंबाई म्हटलं, फूल ठेवलं. गूळ म्हटलं, मेली म्हटलं. मग तिने पाटाखालची मोड आलेल्या मटकीसारखी सळई उचलली, पाटावर ठेवली आणि म्हणाली, "हैबती." तिची गोष्ट तिने सगळी सांगितली, कच्च्या खिळ्यापासून शेवटपर्यंत, काहीही न गाळता. हैबती समोर बसून ऐकत होता. मग तिने त्या सळईवर झेंडूचं फूल ठेवलं. धनगर आपल्या लेकीला खांद्यावर घेऊन आला होता. पोरीने हात लांब करून ते फूल उचललं आणि तोंडात घातलं. सगळे हसले आणि दुसरं फूल आणावं लागलं.

त्यानंतर कित्येक पिढ्या गेल्या. त्या गावात अजून खंडेनवमीला सळयांची नावं घेतात म्हणे. हैबतीचं घर कुठे होतं, तो दिसायला कसा होता, हे आता कुणालाच ठाऊक नाही. एखादं लहान पोर मध्येच विचारतं, "आजी, म्हैस म्हणजे म्हैस, गूळ म्हणजे गूळ. पण हैबती म्हणजे काय?"

आणि आजी सांगते, "कुलूप उघडल्यावर एका बाईला ज्याच्या पोटाची काळजी वाटली, तो."

आपलं नाव कुणाच्या तोंडी घालता येत नाही. आपण त्याच्या काळजीत शिरलो, की ते त्याच्या तोंडी आपोआप येतं.